आईबाप घरी गेले, आपण इथंच

लेखमाला : घर कुठलं? लेखांक ७

"आता आम्ही घरी जातो." वापी, उंबरगाव किंवा बोईसरच्या चाळीत वीस-पंचवीस वर्षं काढलेले आईबाप एक दिवस असं म्हणतात. ज्याचं सगळं लहानपण त्याच खोलीत गेलं तो मुलगा गप्प होतो. आपण घरातच तर बसलोय, मग हे कुठल्या घरी निघाले, असं त्याच्या मनात येतं; पण विचारत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असतं. तलासरीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, एका पाड्यावरचं ते घर त्यानं शिमग्याला आणि लग्नसराईत पाहिलेलं असतं.

मागचा लेखांक वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांवर होता. दिवाळीनंतर उचल घेऊन निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हे त्यांचं दरवर्षीचं जाणं-येणं. आज लिहायचं आहे ते एकदाच होणाऱ्या परतण्याविषयी. आईबाप कायमचे पाड्यावर जातात आणि कमावती मुलं मागं राहतात. याबद्दल फार कमी बोललं जातं. कुणी वारलेलं नसतं, भांडण झालेलं नसतं. उलट म्हातारा-म्हातारी खुशीत असतात. मग दुःख कशाचं, असं मुलं स्वतःलाच दटावतात. मला वाटतं, दुःख करण्याजोगं त्यात पुष्कळ आहे, आणि ते आधी कबूल केलं तर पुढची वर्षं धड जातात.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत. उत्तरेला गुजरातच्या हद्दीत वापी, सरीगाम आणि उंबरगावच्या वसाहती. दक्षिणेला बोईसरला लागून तारापूरची एमआयडीसी. तलासरीहून रोज सकाळी गाड्या भरून माणसं कामाला जातात आणि अंधार पडल्यावर परततात. पण ज्यांची पाळी रात्रीची, ज्यांचा पाडा रस्त्यापासून लांब, त्यांनी तिकडंच खोली घेतली. मग बायको आली, मुलं तिथंच झाली, तिथल्याच शाळेत गेली. चार पैसे गाठीला लागले की परतायचं, असं ठरलेलं. गाठीला लागता लागता उभी उमर गेली.

परतण्याची वेळ येते ती बहुधा कामामुळं. ठेकेदाराकडच्या कामगाराला साठीपर्यंत कुणी थांबू देत नाही. कंबर गेली, नजर गेली की हजेरी बंद. खोलीचं भाडं मात्र चालूच. तोवर मुलाचं लग्न झालेलं असतं आणि एका खोलीत दोन संसार मावत नाहीत. गावाकडं आजा वारलेला असतो. कुडाचं घर माणसाविना पावसाळे काढू शकत नाही, कुणीतरी राहायलाच हवं. आणि या सगळ्याच्या वर जमीन.

इथल्या जमिनीची गोष्ट माहीत नसेल तर म्हाताऱ्यांची ओढ मुलांना हट्टासारखी वाटते. १९४५ पर्यंत या भागातला वारली स्वतःच्या अंगमेहनतीचाही मालक नव्हता. वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघांनी सावकाराकडं राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी गावात किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले आणि यापुढं वेठ करायची नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार मारले गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे. पाड्यावरून शहरात आलेल्या प्रत्येक तरुणानं ते एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. पुढं कूळकायदा आला, आणि बऱ्याच उशिरानं २००६ चा वनहक्क कायदा. या कायद्याचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावानं होतो, वारशानं पुढं जातो, पण विकता येत नाही. फॉरेस्ट प्लॉटसाठी मोर्चे, दावे, मोजणी यांत अर्धं आयुष्य गेलेला बाप 'जमीन कसायला माणूस पाहिजे' म्हणतो तेव्हा त्याच्यामागं त्याच्या बापाची आणि आजाची हयात उभी असते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबल्या, त्यांना परत जाण्याजोगी स्वतःची जागा मिळाली आहे. तिथं त्यांना जाऊ द्यायला हवं.

आता हद्दीचं. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. वारल्यांच्या सोयरिकी दोन्हीकडं होत्या, आजही आहेत. आच्छाडचा नाका ओलांडताना कुणाला परदेशी गेल्यासारखं वाटत नाही. पण मुलगा वापीत वाढला की फरक पडतो. तो गुजराती शाळेत शिकलेला असतो, आई वारलीत बोलते, गावचा तलाठी मराठीत लिहितो. आणि ज्या दिवशी जातीचा दाखला काढायचा असतो त्या दिवशी हद्द अंगावर येते. अनुसूचित जमातीच्या सवलती मूळ राज्याच्या. महाराष्ट्रात त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० रोजी कुठं राहत होतं ते पाहतात. म्हणजे वापीत जन्मलेल्या मुलाची ओळखही कागदोपत्री त्या पाड्याशीच बांधलेली असते. आईबाप खोलीत होते तोवर हे सगळं त्यांच्या अंगावर होतं. परगावचे ते होते, मुलगा तिथलाच होता. ते परतले की परगावचा तो होतो. चाळीत एकाएकी त्याच्या लक्षात येतं की इथं आपलं म्हणावं असं मोठं माणूस उरलं नाही. शेजारणीशी उसनवारी, दुकानदाराची ओळख, मालकाशी घासाघीस हे सगळं आईच्या नावावर चाललं होतं.

हे दुःख नेमकं कसलं, ते समजावून घेण्यासाठी अमेरिकेतल्या कुटुंब-अभ्यासक पॉलिन बॉस यांच्या कामाचा फार उपयोग होतो. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात काम केलं. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर समोर नाही, अशा अवस्थेतल्या घरांत शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही, असं त्यांना दिसलं. १९९९ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्या स्वतःच्या वडिलांविषयी सांगतात: स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले, तिथंच संसार थाटलेले, पण मागं राहिलेल्या माणसांसाठी जन्मभर झुरणारे. घरात असूनही ते अधूनमधून तिथं नसत. पाड्यावरचा बाप खोलीत बसून पावसाळी ढगांकडं बघत असतो तेव्हा हेच चाललेलं असतं. मुलानं ते लहानपणापासून पाहिलेलं असतं, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं.

या अवस्थेचं सर्वांत भयंकर रूप डहाणू-तलासरीच्या पाड्यांनी सोसलं आहे, सोसत आहेत. इथली तरुण पोरं पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव आलं की नाही एवढ्यावर एखाद्या पाड्यावरचं वर्ष ठरतं. कुणी काही वर्षांनी वाघा सीमेवरून परतला. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा तिथल्या तुरुंगात मृत्यू झाला. वापीत राहून पाड्यावरच्या आईची आठवण काढणाऱ्या मुलाचं दुःख आणि या घरांचं दुःख यांची बरोबरी कुणी करणार नाही. तरी दुःखाची जात एक आहे. माणूस आहे, आणि नाही. बॉस सांगतात की अशा वेळी 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी एक निवडायचा हट्ट सोडायचा आणि दोन्ही एकत्र धरायचं. आई गेली आहे, आणि आई आहे. मुलगा फोनवर रोज 'परत कधी येताय' विचारत राहिला, तर त्यानं दुसरी बाजू मनात येऊच दिलेली नसते.

हा 'परत या'चा आग्रह मुलं प्रेमानंच धरतात. पण त्यानं आईबाप कोंडीत सापडतात. इकडं आले तर मन तिकडं, तिकडं राहिले तर मुलाला दुखावल्याची टोचणी. न्यूजर्सीत मुलाकडं सहा महिने राहून पुण्याला परतणाऱ्या आईबापांचीही अशीच ओढाताण होते. तिथं विमानाचं तिकीट आणि व्हिसाची मुदत मधे असते, म्हणून ती जगाला दिसते. तलासरी ते वापी अंतर तासाभराचं. डहाणूपर्यंत तर १६ एप्रिल २०१३ पासून लोकलही येते, नालासोपाऱ्यातला मुलगा सकाळी निघून दुपारी पाड्यावर पोचतो. अंतर इतकं थोडं असूनही दुखतं, तेव्हा मुलाला स्वतःचीच लाज वाटते. ती वाटू नये.

जर्मनीतलं एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. १९६१ च्या करारानंतर हजारो तुर्की कामगार तिथल्या कारखान्यांत गेले. १९७३ मध्ये नवी भरती थांबली, पुढं बेकारी वाढली, आणि १९८३ च्या अखेरीस सरकारनं कायदा केला: ठरावीक अटींवर, ठरावीक मुदतीत मायदेशी परतणाऱ्या कामगाराला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागं १,५०० मार्क. जर्मन शाळेत शिकलेली, जर्मन मित्र असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्या अर्जात एक आकडा होऊन बसली. जी आईबापांबरोबर गेली त्यांना तुर्कस्तानात 'अलमानजी' म्हणजे जर्मनवाले म्हणून वेगळं काढलं गेलं. जाणं योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. मुलांना विचारलं गेलं नाही, एवढं मला त्यात सर्वांत जास्त खटकतं. आपल्याकडं सरकार पैसे देत नाही, पण निर्णय तसाच होतो. बाप आणि चुलता शिमग्याला अंगणात बसतात, ठरवतात, आणि मुलाला ट्रक भरायच्या दिवशी कळतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे बोलणं आधी व्हावं. वर्षभर आधी. कोणत्या महिन्यात जायचं, खोलीचं डिपॉझिट कुणाचं, भांडी कोणती न्यायची, नातवंडांना सुट्टीत कधी पाठवायचं, असं बारीकसारीक. मोठ्या भावना अशा बोलण्यात आपोआप सांगितल्या जातात. वेगळं 'मन मोकळं कर' म्हणावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मी जरा आग्रहानं सांगणार आहे. पाड्यावर पाहुणा म्हणून जाऊ नका. शिमग्याला मुलगा येतो, नवे कपडे आणतो, खाटेवर बसतो, आई कोंबडी कापायला लावते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो निघतो आणि दोघांच्याही पोटात खड्डा पडतो. हेच दोन दिवस त्यानं जुलैत आवणीला दिले तर वेगळं घडतं. चिखलात उभं राहून रोपं लावताना आईबाप त्याला ओरडतात, रांग वाकडी झाली म्हणतात, भाकरी बांधावर खातात. तिथं तो त्यांचा मुलगा असतो. खाडे पडतात, रोजाचा पगार जातो, ठेकेदार कुरकुरतो, हे खरं आहे आणि गरीब घराला ते जड जातं. तरी मी सांगेन की सणाच्या चार दिवसांतले दोन आवणीला द्या, कापणी-झोडणीला एक द्या. पावसाच्या सुरुवातीला कोळीभाजी या रानभाजीचा नेम असतो, नवं भात कणसरी या धान्यदेवीला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. त्या वेळी हजर असणाऱ्याला आपला वाटा आपोआप मिळतो. जमिनीत आपलं काम पडलं की आईबापांचं तिथं असणं आपल्यापासून तुटलेलं वाटत नाही. सुनेचं काय, हाही प्रश्न आहे. वापीत वाढलेल्या मुलीला चिखलात उतरवणं सक्तीनं होऊ नये. ती आपखुशीनं आली तर सासूचं आणि तिचं नातं त्या दोन दिवसांत जेवढं सरळ होतं तेवढं खोलीत दोन वर्षांत झालेलं नसतं.

फोनवरची काळजी मात्र सुटत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक कित्येक रात्री अंगणात, तंबूत झोपले. तेव्हा शहरातली मुलं 'इकडं या' म्हणत होती आणि म्हातारी माणसं गुरं, कोंबड्या आणि घर सोडून हलायला तयार नव्हती. अशा वेळी वाद घालण्यात रात्र घालवण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: भिंतीला तडा गेलाय का, आणि रात्री झोपायची जागा छपरापासून लांब आहे का. पुढच्या सुट्टीत जाऊन तडा आणि छप्पर स्वतः बघा. भीती कमी होते ती अशा कामानं.

आजारपणाचंही आधीच ठरवावं. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, कासा आणि डहाणूला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तरी अवघड रुग्ण अनेकदा सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात किंवा वलसाडला न्यावा लागतो. १०८ ला कुणी फोन करायचा, पाड्यावर गाडी कुणाची, रात्री पैसे कुणाकडं, ही तीन नावं म्हाताऱ्याच्या फोनमध्ये आणि मुलाच्याही फोनमध्ये असावीत. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या, योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं. हद्दीवरच्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे.

कागदांचं काम बाप खोलीत असतानाच उरकावं, कारण एकदा तो पाड्यावर गेला की कंपनीच्या दारात त्याला कुणी उभं करत नाही. पीएफच्या खात्यात नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघा. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली, आधारवर भलतीच, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, अशी तऱ्हा सर्रास असते. दहा वर्षं पीएफ भरला गेला असेल तर ५८ नंतर थोडी का होईना पेन्शन मिळते. ठेकेदार बदलत गेल्यानं ती वर्षं वेगवेगळ्या खात्यांत अडकलेली असतात, ती एकत्र करून घ्यावी लागतात. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये असतात, त्यासाठी गावचा रहिवास आणि चालू बँक खातं हवं. रेशनचं मात्र सोपं झालंय. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात आंतरराज्य रेशनची सुरुवात झाली तेव्हा पहिल्या दोन जोड्यांपैकी एक गुजरात-महाराष्ट्र होती. तलासरीच्या कार्डावर वापीत धान्य उचलता येतं, म्हणून घाईनं नावं कमी करू नका.

शिकणारी मुलं मागं राहत असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. दहावी-बारावीच्या मुलाला भावाच्या संसारात एका कोपऱ्यात ठेवणं सगळ्यांनाच जाचतं. डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. वसतिगृहाचा अर्ज तिथं चौकशी करून वेळेत भरावा, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या महाविद्यालयीन मुलांना जेवण-राहण्यासाठी पैसे देणारी स्वयम् योजना आहे तिचाही विचार करावा. मुलगा वसतिगृहात गेला तर आईनं ठरावीक वारी फोन करावा आणि तो वार चुकवू नये. वयात आलेली मुलं 'काही गरज नाही' म्हणतात. तरी चुकवू नये.

मुलींबद्दल शेवटी लिहितोय, पण या परतण्याचा भार खरं तर त्यांच्यावरच जास्त पडतो. बाप पाड्यावर गेला की गोळ्या संपल्या का, डोळ्याचं ऑपरेशन कधी, हे विचारणारी बहुतेक घरांत मुलगीच असते, तिचं लग्न वापीत झालेलं असो की विरारला. अंगणात निर्णय होतो तेव्हा मात्र तिला बोलावत नाहीत, कारण जमिनीत तिचा वाटा धरत नाहीत. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळं आजवर सगळं रूढीवर सोडलेलं होतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला आणि रूढीच्या नावाखाली बाईला वगळता येणार नाही असं सांगितलं. पाड्यापाड्यावर याचा अर्थ काय होईल ते बोलायला अजून सुरुवातही झालेली नाही. सुरुवात आपल्या घरातून होऊ शकते. आईबाप परतण्याआधीच्या त्या बैठकीत मुलीला आणि तिच्या नवऱ्यालाही बसवा, आणि घर, प्लॉट, औषधं, पैसे यांत तिचं म्हणणं काय आहे ते विचारा.

पुढच्या लेखांकात: पाड्यावर परतलेल्या आजी-आजोबांकडं सुट्टीत जाणारी नातवंडं, आणि त्यांच्या तोंडची वारली, मराठी, गुजराती.